फरचा कोट आणायला परदेशी जाताना: सातबाऱ्यापासून कपाटापर्यंत

विदर्भात फरच्या कोटाची चौकशी सुरू झाली की समजावं, घरातलं कोणीतरी थंड मुलखात निघालंय. पोरगं कझाकस्तानात एमबीबीएसला लागलं, पोरगी लग्न होऊन विनिपेगला चालली, नाहीतर जावयानं यंदा सासूसासऱ्यांना डिसेंबरातच कॅनडाला बोलावलं. मग कोणी सांगतं ग्रीसमध्ये कोट स्वस्त मिळतो, कोणी म्हणतं दुबईला जाऊन या, सोनंही बघून होईल. मी तालुक्याच्या गावी शिवणकाम करते. बाहेरून आणलेले कोट अस्तर बदलायला, हूक लावायला माझ्याकडे येतात, त्यामुळे चांगला कोट कसा असतो आणि आपल्याकडे येऊन तो कसा खराब होतो, दोन्ही रोजच्या बघण्यातलं आहे.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की कोट वर्षाचे बारा महिने राहणार कुठे. देश, दुकान, बजेट, कस्टम हे सगळं त्यानंतर.

घरातच आधी बोलून घ्या

घालणारी व्यक्ती थंड देशातच राहणार असेल तर कोट तिकडेच घ्यावा आणि तिकडेच ठेवावा. आईवडिलांनी दुबईला जाऊन घ्यायचा, मग तो यवतमाळला आणायचा, मग लेकीनं कॅनडाला न्यायचा, यात पैसा जातो आणि कोटाचं आयुष्यही. कॅनडात आणि अमेरिकेत जुन्या फर कोटांचा मोठा बाजार आहे. आजीचा कोट नातीला नको असतो, म्हणून चांगले कोट नव्याच्या मानानं फारच कमी किमतीत निघतात. फक्त आतलं कातडं वाळलेलं नाही ना, एवढं बघून घ्यायचं. ते कसं बघायचं ते पुढे येईल.

पंधरा दिवस किंवा महिनाभर पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी फरच्या नादी लागूच नये. पिसं भरलेलं चांगलं लांब जॅकेट, आत थर्मल, डोक्याला टोपी आणि पायात बर्फाचे बूट असले की उणे वीसमध्येही माणूस फिरतो. फरचा विचार करावा तो चारसहा हिवाळे सलग काढणाऱ्यानं.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती बहुतेक दुकानात पोचल्यावर निघते. मिंक (मुंगसासारखा लांबट प्राणी) आणि चिंचिला (उंदराच्या जातीतला, दाट केसांचा) हे प्राणी पिंजऱ्यात वाढवून मारले जातात. ब्रिटन, नेदरलँड्स, नॉर्वे या देशांनी आपल्याकडची अशी फार्म बंद केली. डेन्मार्क हा मिंकचा सगळ्यात मोठा उत्पादक होता. तिथे २०२० च्या नोव्हेंबरात कोरोनामुळे देशातले सगळे मिंक मारून टाकले. आपल्याकडे घराघरात माळकरी आहेत, महानुभाव पंथाची मंडळी आहेत, जैन कुटुंबं आहेत. कोट घेऊन आल्यावर आजी म्हणाली की "हे कातडं माझ्या देवघराच्या खोलीत नको", तर तिचं चुकत नाही. तिला आधीच विचारा. जिच्यासाठी घेताय त्या मुलीलाही विचारा, कारण तिच्या कॉलेजात कोणी फर घालत नसेल तर कोट पेटीतच राहील. आता कृत्रिम फर इतकी चांगली निघते की दिसण्यापुरता कोट हवा असेल तर मी तीच घ्या म्हणते. मेंढीचं लोकरीसकट कमावलेलं कातडं हा आणखी एक मार्ग आहे. ते जड असतं, पण ऊब भरपूर देतं, आणि कायद्याची कटकटही कमी.

हे सगळं बोलून झाल्यावरही कोट घ्यायचाच ठरला, तर पुढचं वाचा.

कुठे जायचं

फरच्या कामाचं जुनं गाव म्हणजे ग्रीसच्या वायव्येकडचं कास्तोरिया. ओरेस्टियादा तळ्याच्या काठी वसलेल्या या गावात कित्येक शतकं फरचंच काम चालत आलंय. इथल्या कारागिरांची खासियत तुकड्यांची. मोठ्या कातड्यातून उरलेले पंजे, शेपट्या, गळ्याचे तुकडे असे जोडायचे की बाहेरून शिवण दिसू नये. शेजारचं सियातिस्ताही याच धंद्यातलं. दरवर्षी मे महिन्यात कास्तोरियाला फरचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, पण ते मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी. आपल्यासारख्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावं. ग्रीसमध्ये जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिवाळी सेल असतो. आपल्याकडे तोवर कापूस आणि तूर विकून हातात पैसा आलेला असतो, त्यामुळे हा हंगाम दोन्हीकडून जमतो. थेस्सालोनिकीला उतरून पुढे रस्त्यानं जायचं.

दुबईत देरा भागात बनियास चौकाच्या आसपास फरची दुकानं आहेत. पाट्या रशियन भाषेत दिसतील, कारण मुख्य गिऱ्हाईक तेच. दुकानात एसी इतका थंड असतो की कोट अंगावर घालून बघता येतो. आपल्या लोकांना दुबई सोयीची आहे, भाषेची अडचण नाही, जेवण मिळतं, विमानंही भरपूर. पण कोटाची खरी परीक्षा थंडीत चालून होते, ती तिथे होत नाही. इस्तंबूलमध्ये लालेली आणि झेतिनबुर्नू हे चामड्याचे आणि फरचे भाग आहेत. निवड प्रचंड, घासाघीसही तेवढीच. ज्यांचं लेकरू आल्माटीत शिकतंय त्यांनी मात्र भेटीच्या फेरीतच काम उरकावं. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं.

आता फर टूरबद्दल. ग्रीसमध्ये खास रशियन पर्यटकांसाठी सुरू झालेली ही पद्धत आहे. विमान, हॉटेल, फिरणं जवळजवळ फुकट, अट एकच, ठरलेल्या रकमेचा कोट घ्यायचा. घेतला नाही तर सगळा खर्च तुमच्याकडून वसूल. अशी टूर कोणी सुचवली तर तीन गोष्टी लेखी मागा: किमान खरेदी किती रुपयांची, खरेदी झाली नाही तर किती भरायचं, आणि कोणत्याही दुकानातून घेता येईल की ठरलेल्याच. तिसऱ्याचं उत्तर "ठरलेल्याच" आलं तर टूरचा सगळा खर्च कोटाच्या किमतीत आधीच घातलेला आहे. मी अशा टूरला नाहीच म्हणते. आपल्या पैशानं गेलं की दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडायची मोकळीक राहते. भाव करताना त्यापेक्षा मोठं हत्यार नाही.

सातबारा घेऊन शेंगेन व्हिसा

दुबईचा व्हिसा एजंट किंवा विमान कंपनीमार्फत सरळ होतो. पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा, एवढं आधी बघा. ग्रीसला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा लागतो, आणि शेतकरी कुटुंबाची खरी दमछाक तिथे होते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. साधारण निकाल १५ दिवसांत येतो, पण गर्दीत वेळ लागतो. शुल्क प्रौढांना ९० युरो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. फेब्रुवारीत जायचं असेल तर दिवाळीचा फराळ संपायच्या आत कागद गोळा करायला घ्या.

नोकरदाराकडे पगाराची स्लिप असते. आपल्याकडे काय? सातबारा आणि आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या किंवा सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) विक्रीच्या पावत्या, आणि बँकेचं स्टेटमेंट. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरलेलं असेल तर ते जरूर जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. नावं जुळतात का ते एकेक अक्षर लावून बघा. सातबाऱ्यावर "विठ्ठलराव", पासपोर्टवर "विठ्ठल", बँकेत आडनाव आधी, अशा घोळातच अर्ज अडकतात. फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

बँकेतली रक्कम ही दुसरी अडचण. कापसाचे चुकारे एकदम जमा होतात आणि परक्या माणसाला ते उसने आणून टाकलेले वाटतात. म्हणून ज्या पावतीचे पैसे ज्या तारखेला जमा झाले ती पावती त्या नोंदीसोबत जोडा आणि सोबतच्या पत्रात सरळ लिहा: आमचं पीक वर्षातून एकदा विकलं जातं, पैसा असाच येतो. पाहुण्याकडून चार लाख आणून आठ दिवस खात्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पासपोर्टच अजून काढायचा असेल तर नागपूरच्या कार्यालयावाचून अडत नाही. बऱ्याच जिल्ह्यांत डाकघरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. पोलीस पडताळणीला घरी कोणी सापडेल असं बघा. सोंगणीच्या दिवसांत सगळे वावरात असतात आणि अर्ज पडून राहतो.

दुकानात: आधी उलटा करून बघा

माझी मामी आर्वीकडची, जन्मभर लुगडी पारखून घेतलेली. दुबईत एका दुकानात पोऱ्यानं तिच्यापुढे चमचमता कोट धरला. तिनं हातही लावला नाही. म्हणाली, "भाऊ, उलटा करून दाखव नं." तो म्हणाला, अस्तर बंद आहे, आतून दिसत नाही. मामी म्हणाली, "मंग राहू दे," आणि उठली. दुसऱ्या दुकानात मात्र अस्तराची खालची कड मुद्दाम मोकळी सोडलेली होती. ती वर करून तिनं आतलं कातडं बोटांनी चोळून बघितलं, मग किंमत विचारली.

तुम्हीही हेच करा. चांगला शिवणारा घेराजवळ अस्तर सुटं ठेवतो, कारण त्याला आतलं काम दाखवायचं असतं. आतलं कातडं मऊ, लवचिक आणि पांढरट असावं. रंगवलेली फर असेल तर कातडंही रंगीत दिसेल, तेवढ्यावरून घाबरू नका. कातडं दोन बोटांत धरून दुमडा. कागदासारखा कुरकुर आवाज आला तर ते वाळलंय, पुढच्या दोनतीन हिवाळ्यांत शिवणीजवळ फाटणार. जुना कोट घेताना ही परीक्षा सोडूच नका.

आत शिवणींची जाळी कशी आहे तेही बघा. लांब, तिरप्या, अरुंद पट्ट्यांच्या शिवणी असतील तर अख्खं कातडं बारीक पट्ट्यांत कापून पुन्हा जोडून लांब केलेलं आहे. हे कसबाचं काम, कोट अंगावर छान पडतो. मोठे चौकोनी तुकडे म्हणजे अख्खी कातडी एकमेकांना जोडलेली, तेही चांगलं. पण लहान लहान तुकड्यांची गोधडी दिसली तर तो तुकड्यांचा कोट. तो वाईट नसतो, कास्तोरियाची ओळखच ती आहे, फक्त त्याला अख्ख्या कातड्याची किंमत द्यायची नाही.

आता वरची बाजू. केसांवरून हात उलटा फिरवा आणि सोडा, केस लगेच जागेवर बसले पाहिजेत. केसांत फुंकर मारा. वरचे लांब चकचकीत केस बाजूला झाल्यावर खाली दाट मऊ लव दिसायला हवी, ऊब तिच्यातच असते. लव विरळ असेल तर कोट नुसता दिखाऊ आहे. हलकेच ओढून बघा, एखादा केस आला तर चालेल, बोटांना झुबका लागला तर नको. सशाची फर स्वस्त असते आणि केस सोडते, ती मिंक म्हणून कोणी माथी मारत असेल तर तिथेच कळेल. ओलसर पांढरा रुमाल घासा, रंग लागला तर पुढे स्वेटरलाही लागेल. कृत्रिम फरची मुळं कापडात विणलेली असतात आणि टोकं सरळ कापलेली दिसतात. खऱ्या केसाचं टोक निमुळतं होत जातं.

मिंकमध्ये मादीची फर हलकी आणि मऊ असते, नराची जाड आणि जड. वय झालेल्या आईसाठी घेताय तर हलकाच घ्या. जाड स्वेटर घालूनच कोट अंगावर चढवा. दोन्ही हात वर करा, छातीशी बांधा, खुर्चीवर बसा. मुंढ्यात ओढ बसली तर एक माप मोठा मागा, कारण फरच्या कोटाला आत माया (शिवणीत सोडलेला जादा भाग) फार कमी असते आणि गावात येऊन तो सैल करता येत नाही. बाही मनगटाच्या खाली बोटभर यावी. बटनांपेक्षा मोठे झाकलेले हूक बरे. खांद्याला पर्स अडकवायची सवय असेल तर ती तिथेच सोडा, पट्ट्याखालची फर झिजून टक्कल पडतं.

कोणता प्राणी आहे हे लेबलवर आणि पावतीवर लिहिलेलं असलंच पाहिजे. लांडगा, लिंक्स, पाणमांजर, कोणतंही रानमांजर यांची फर घेऊ नका. हे प्राणी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्सच्या यादीत आहेत, आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. कोल्ह्याची फर दिसायला सुंदर, पण कोल्हा आणि खोकड आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहेत. विमानतळावर हा परदेशी फार्मवरचा कोल्हा आहे हे कोण कोणाला पटवणार? मी तो घेऊ नका म्हणते. सीलची फर युरोपीय संघात आणि अमेरिकेत चालत नाही, त्यामुळे पुढे प्रवास असणाऱ्यांनी तीही टाळावी.

पैसे, कर आणि कस्टम

परकीय नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी रक्कम फॉरेक्स कार्डवर ठेवा. दुकानात कार्ड ओढताना मशीन विचारतं, रुपयांत घ्यायचं की स्थानिक चलनात. स्थानिक चलनच निवडा. रुपयांतला दर नेहमी महाग पडतो, आणि कोटाच्या रकमेवर तो फरक हजारांत जातो.

पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो. ग्रीसमध्ये व्हॅट २४ टक्के आहे. दुकानातूनच पासपोर्ट दाखवून करपरतीचा फॉर्म भरून घ्या, आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमचा शिक्का मारून घ्या. थेस्सालोनिकीहून इस्तंबूलमार्गे येत असाल तर शिक्का थेस्सालोनिकीलाच. फ्रँकफर्टमार्गे असाल तर फ्रँकफर्टला, म्हणून कोट हातातल्या सामानात ठेवा, अधिकारी बघायला मागू शकतो. मध्यस्थ कंपनी आपला हिस्सा कापते, पूर्ण २४ टक्के हातात येत नाहीत. दुबईत व्हॅट ५ टक्के आहे आणि परतावा भरलेल्या कराचा बराचसा भाग, त्यातून थोडं शुल्क वजा.

भारतात उतरताना कोट नवा आहे, महाग आहे आणि जाहीर करायचा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला ५० हजार रुपयांची सूट होती आणि वरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर बघा आणि तो धरूनच कोटाची किंमत काढा. नवराबायकोची सूट एका वस्तूसाठी एकत्र करता येत नाही. अंगात घालून हिरव्या मार्गानं, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेनं, निघून यायचा सल्ला बरेच जण देतात, पण मे महिन्यात नागपूरच्या विमानतळावर फरचा कोट घातलेला माणूस कोणाच्या नजरेतून सुटेल? वस्तू जाहीर करायच्या लाल मार्गानं जा, पावती दाखवा, शुल्क भरा, आणि त्या शुल्काची पावती जन्मभर जपा.

मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कच्च्या कातड्यांच्या आयातीवर भारतात २०१७ पासून बंदी आहे. तयार कोट ही वेगळी वस्तू असली तरी सुटी कातडी, "घरी कॉलर शिवू" म्हणून सुद्धा, आणू नका. आणि इथला कोट पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बाहेर न्यायचा असेल तर जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर कोटाचं वर्णन असतं, त्यामुळे परत येताना पुन्हा शुल्काचा प्रश्न येत नाही.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कोट

फर ठेवायला थंड, अंधारी आणि मध्यम कोरडी जागा लागते. थंड देशांत उन्हाळाभर कोट फर सांभाळणाऱ्या दुकानाच्या शीतगृहात देतात, तिथे तापमान साधारण १० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. आपल्याकडे चंद्रपूर, अकोला, वर्धा ४५ अंशांच्या पुढे जातात. त्या उन्हात कातड्यातलं तेल सुकतं. वाड्याच्या माडीवर लोखंडी कपाटात दोन उन्हाळे काढलेला एक कोट माझ्याकडे आला होता. अस्तर उसवलं तर आतलं कातडं पापडासारखं तुटलं, टाका घालायला जागाच नव्हती.

कूलरच्या खोलीत ठेवला तर वेगळाच घोळ. कूलर दमट हवा फेकतो, आणि मग पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून एसीची खोली असेल तर तिथल्याच कपाटात, बाहेरच्या भिंतीला न लागणारी बाजू बघून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा छोटा आर्द्रतामापक आत लावा. काटा ६० च्या वर गेला की सिलिका जेलच्या पिशव्या बदला. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत, आजूबाजूला चार बोटं जागा सोडून टांगा. प्लास्टिकची पिशवी आणि हवा काढून दाबणारी पिशवी, दोन्ही नकोत. डांबराच्या गोळ्यांचा वास फरमध्ये इतका मुरतो की निघतच नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून कपाटाच्या तळाशी ठेवा, फरला लागू देऊ नका. नागपूरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू का, असं एकानं विचारलं होतं. तिथे मिरची असते, मिरचीचा वास लागला की कोट कोणीच घालणार नाही.

महिन्यातून एकदा दार उघडून कोट बाहेर काढा, सावलीत झटका, अस्तराच्या मोकळ्या कडेतून आत बोट फिरवून कसर लागली का बघा. कसरीची अळी कॉलरखाली आणि मुंढ्यात लपते. सापडली तर कोट ऊन दाखवायला गच्चीवर नेऊ नका. जाड सुती पिशवीत, वरून बंद प्लास्टिकमध्ये घालून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून मऊ ब्रशनं झाडा. गावातल्या ड्रायक्लीनरकडे देऊ नका. त्यातल्या द्रावणानं कातड्याचं तेल निघून जातं. मुंबई-दिल्लीत फरचं काम करणारा सापडला तरी आधी त्याला कोटाचे आतून-बाहेरून फोटो पाठवा आणि पद्धत विचारा, मगच कुरिअर करा.